प्रकाश गोठला वगैरे काही नाही, संपादकसाहेब

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत शेवटच्या पानावर खाली कोपऱ्यात एक चौकट आली होती. 'शास्त्रज्ञांनी प्रकाश गोठवला, रंगही बदलला' असं हेडिंग, आणि बाजूला निळ्या जाळीत अडकलेल्या गोळ्यांचं चित्र. आधी आनंदच झाला, कारण आपल्या गोव्यातल्या मराठी पेपरांत म्हादई, मायनिंग, कॅसिनो आणि पक्षांतरं ह्यातून उरलेल्या जागेत नॉनलिनियर ऑप्टिक्सला (तीव्र प्रकाशात पदार्थ वेगळा वागतो, त्याच्या शास्त्राला) कोपरा मिळावा ही साधी गोष्ट नाही. मग मजकूर वाचला आणि चहा बाजूलाच राहिला. चार ओळींत सगळा विषय डोक्यावर उभा केलेला. मी आयुष्यभर हायर सेकंडरीला फिजिक्स शिकवलं, त्यामुळे गप्प बसवत नाही. पत्र लांबलंय, हवं तिथं कात्री लावा, पण आकडे कापू नका एवढीच विनंती.

प्रकाश गोठवलेला नाहीये. ज्या लिथियम नायोबेटच्या क्रिस्टलबद्दल ती बातमी होती त्यात तो सेकंदाला साधारण १ लाख ३६ हजार किलोमीटरच्या वेगानं धावतोच आहे. थांबलंय ते त्याचं आडवं पसरणं. प्रकाशाची शलाका जितकी बारीक करावी तितकी ती लवकर फुगते, ह्याला डिफ्रॅक्शन म्हणतात आणि हे बारावीच्या पोरांना पाठ असतं, पण किती लवकर हे कोणी सांगत नाही. एक मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीचा इन्फ्रारेड लेझर घ्या, १० मायक्रॉन त्रिज्येच्या ठिपक्यावर आणा आणि ह्या क्रिस्टलमध्ये सोडा, एक मिलिमीटर पुरा व्हायच्या आत तो फुगायला लागतो आणि पाच सेंटिमीटरचा क्रिस्टल ओलांडेपर्यंत मूळच्या सत्तरएक पट रुंद होऊन बसतो. बातमीचा खरा विषय होता तो स्पेशियल सॉलिटॉन म्हणजे तोच ठिपका पलीकडच्या टोकाला तेवढाच बारीक बाहेर येणं. वाटेत भिंग नाही, नळी नाही, काही नाही.

हे होतं कसं? काचेचा अपवर्तनांक (तिच्यात प्रकाश किती पट हळू चालतो तो आकडा) आपण मुलांना एक कायमचा आकडा म्हणून शिकवतो, १.५ लिहा आणि गणित सोडवा. प्रत्यक्षात प्रकाश जिथं जास्त तीव्र असेल तिथं तो आकडा किंचित वाढतो. १८७५ मध्ये जॉन केर नावाच्या स्कॉटिश माणसानं विजेच्या दाबाखाली काचेचे गुण बदलतात हे दाखवलं होतं, लेझर आल्यावर कळलं की प्रकाशाचं स्वतःचं विद्युतक्षेत्रही तेच काम करतं. आता 'किंचित' म्हणजे किती ते बघा. एका चौरस सेंटिमीटरवर एक गिगावॅट एवढा प्रचंड प्रकाश ओतला तरी साध्या सिलिका काचेचा अपवर्तनांक बदलतो तो दशांश चिन्हानंतरच्या सातव्या घरात. तरीपण शलाकेच्या मध्यभागी तीव्रता जास्त म्हणून अपवर्तनांक जास्त, कडेला कमी म्हणून कमी, म्हणजे शलाका जाता जाता स्वतःसाठी भिंग तयार करत जाते. हे भिंग आत ओढतं, डिफ्रॅक्शन बाहेर फेकतं, आणि दोन्ही बरोब्बर जुळली की रुंदी तेवढीच राहते. तुमच्या चौकटीत 'अदृश्य शक्तीने बांधून ठेवले' असं छापलंय, ती अदृश्य शक्ती ही.

ह्या कुळाचा मूळपुरुष मात्र पाण्यातला आहे. १८३४ मध्ये एडिंबराजवळच्या युनियन कॅनॉलवर जॉन स्कॉट रसेल हा इंजिनियर घोड्यांनी ओढलेली होडी बघत होता. होडी एकदम थांबली आणि तिच्या नाळेशी साचलेलं पाणी एका गुळगुळीत उंचवट्याच्या रूपात एकटंच पुढं निघालं, सुमारे ३० फूट लांब, फूट-दीड फूट उंच, ताशी आठ-नऊ मैलांनी. रसेल घोड्यावर बसून एक-दोन मैल त्याच्या मागं गेला, पुढं कॅनॉलच्या वळणांत ते हरवलं. (आपला कुंभारजुवा कालवा ह्या कामाला चालणार नाही, तो रुंद आहे आणि मांडवी-झुआरीच्या भरती-ओहोटीनं सारखा हलतो, कोणी बार्ज थांबवून बघायला जाऊ नका.) त्या उंचवट्याचं गणित कोर्टवेग आणि द व्रीस ह्या डच जोडीनं १८९५ मध्ये मांडलं, आणि असल्या लाटा एकमेकींतून आरपार जाऊनही आकार सोडत नाहीत हे कॉम्प्युटरवर बघून झाबुस्की आणि क्रुस्कल ह्यांनी १९६५ मध्ये सॉलिटॉन हे नाव ठेवलं. दोना पावलाच्या समुद्रविज्ञान संस्थेतल्या लोकांना ह्यात नवीन काही नाही, कारण अंदमान समुद्रात पृष्ठभागाखाली दहा-दहा मीटरांच्या हिशेबात मोजाव्या लागणाऱ्या अशाच अंतर्गत लाटा फिरतात, त्यावर ऑस्बोर्न आणि बर्च ह्यांचा निबंध १९८० मध्येच आला.

प्रकाशाकडे येऊ. १९६४ मध्ये चाओ, एल्सा गार्मायर आणि टाउन्स ह्यांनी लिहिलं की प्रकाश स्वतःला असा कोंडून घेऊ शकतो. टाउन्स म्हणजे तेच, ज्यांना त्याच वर्षी मेझर (मायक्रोवेव्हचा लेझर) आणि लेझरच्या पायाभूत कामासाठी बासोव आणि प्रोखोरोव ह्यांच्यासोबत नोबेल मिळालं. कागदावर छान, पण प्रत्यक्षात एक मेख निघाली. काचेच्या अख्ख्या ठोकळ्यात, म्हणजे शलाकेला वर-खाली आणि डावी-उजवीकडे दोन्ही बाजूंना पसरायची मोकळीक असेल तेव्हा, हा तोल टिकतच नाही. शक्ती जराशी कमी पडली की पसरते, जराशी जास्त झाली की मध्यभागी कोसळते, आणखी बारीक, आणखी तीव्र, शेवटी काचेतच जळका डाग पडतो. सिलिकासाठी ही सीमारेषा काही मेगावॅटची आहे. म्हणून मग लोकांनी वेगवेगळे मार्ग काढले. कोणी पातळ थरात काम केलं, तिथं एका दिशेला भिंती आहेतच. कोणी असा पदार्थ घेतला ज्याचा परिणाम एका मर्यादेनंतर वाढत नाही. १९७४ मध्ये ब्योर्कहोम आणि अश्किन ह्यांनी सोडियमच्या वाफेत शलाका कोंडून दाखवली, हे अश्किन म्हणजे २०१८ मध्ये वयाच्या ९६ व्या वर्षी नोबेल घेणारे आजोबा. पुढं १९९० च्या दशकात मोती सेगेव वगैरे मंडळींनी फोटोरिफ्रॅक्टिव्ह (उजेड पडला की अपवर्तनांक बदलणारे) क्रिस्टल आणले, त्यांना बाहेरून व्होल्टेज लावलं की मायक्रोवॅटभर प्रकाशातही सॉलिटॉन बनतो. कुठे मेगावॅट आणि कुठे मायक्रोवॅट! फरक एवढाच की हे क्रिस्टल सावकाश प्रतिसाद देतात, घाईच्या कामाचे नाहीत.

आता रंगाचं. बातमी छापून आली त्या दिवशी संध्याकाळीच एका जुन्या विद्यार्थ्याचा व्हॉट्सअॅपवर मेसेज आला. 'सर, पुस्तकात तर लिहिलंय की माध्यम बदललं तरी फ्रिक्वेन्सी बदलत नाही, मग हे पेपरवाले काय फेकतात?' प्रश्न एकदम बरोबर. पुस्तकही बरोबर आहे, पेपरही ह्या एका बाबतीत बरोबर आहे. पुस्तकातला नियम मंद प्रकाशाचा आहे. अणूतल्या इलेक्ट्रॉनला आत धरून ठेवणारं विद्युतक्षेत्र मीटरला ५०० अब्ज व्होल्टच्या घरात असतं आणि आपल्या टळटळीत दुपारच्या उन्हाचं विद्युतक्षेत्र मीटरला ९०० व्होल्टसुद्धा नसतं. एवढ्याशा धक्क्यानं इलेक्ट्रॉन नियमात हलतो, जितका धक्का तितकं हलणं, ज्या तालात धक्का त्याच तालात हलणं. लेझरनं धक्का मोठा केला की हे प्रमाण बिघडतं. त्यात क्रिस्टलची आतली रचना एकांगी असेल, म्हणजे इलेक्ट्रॉनला एका बाजूला सरकणं सोपं आणि दुसऱ्या बाजूला अवघड, तर त्याच्या हलण्यात मूळ तालाबरोबर दुप्पट तालही मिसळतो. दुप्पट तालात हलणारा इलेक्ट्रॉन दुप्पट वारंवारतेचा प्रकाश सोडतो, तरंगलांबी निम्मी, रंग वेगळा. १०६४ नॅनोमीटरचा न दिसणारा इन्फ्रारेड आत गेला की ५३२ चा हिरवा बाहेर. साध्या काचेची रचना सगळीकडून सारखी म्हणून काचेत हे होत नाही, क्वार्ट्झ, केटीपी (पोटॅशियम टिटॅनिल फॉस्फेट), लिथियम नायोबेट असले क्रिस्टल लागतात. त्या पोराला मी हे सगळं टाईप करून पाठवलं तर त्यानं अंगठा पाठवला. एवढं टाईप केल्यावर एक अंगठा, असो.

ह्यात तुमच्या धंद्यातल्या लोकांसाठी एक किस्सा आहे, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. हा प्रयोग पहिल्यांदा झाला १९६१ मध्ये, मिशिगन विद्यापीठात, पीटर फ्रँकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडून. रुबी लेझरचा ६९४.३ नॅनोमीटरचा लाल प्रकाश क्वार्ट्झमधून पाठवला आणि फोटोग्राफिक प्लेटवर ३४७ च्या जागी, म्हणजे अल्ट्राव्हायोलेटमध्ये, एक बारीकसा ठिपका आला. दहा कोटी भागांतला एखादा भागच रूपांतरित होत होता, त्यामुळे ठिपका तो केवढा असणार! निबंध छापायला गेला, फिजिकल रिव्ह्यू लेटर्स हे जर्नल, आणि छपाईच्या वेळी कोणाला तरी वाटलं की प्लेटवर धुळीचा कण आहे, त्यानं तो साफ करून टाकला. आजही त्या निबंधात बाण आहे आणि बाणासमोर काहीच नाही. अख्ख्या विषयाचा जन्मदाखला एडिटिंगमध्ये पुसला गेला. तेव्हा तुमच्या चौकटीच्या चुकांबद्दल मी फार रागावलेलो नाहीये, मोठ्यांच्या पंगतीत आहात तुम्ही.

त्या एका ठिपक्यापासून आज दुकानात मिळणाऱ्या हिरव्या लेझरपर्यंत यायला जी अडचण सोडवावी लागली ती मला ह्या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते, म्हणून इथं जरा रेंगाळतो. लिथियम नायोबेटमध्ये १०६४ च्या इन्फ्रारेडसाठी अपवर्तनांक सुमारे २.१६ आणि ५३२ च्या हिरव्यासाठी सुमारे २.२३. म्हणजे हिरवा हळू चालतो. इन्फ्रारेड पुढं सरकत प्रत्येक ठिकाणी नवा हिरवा जन्माला घालतोय, आणि मागून येणारा जुना हिरवा त्या नव्या हिरव्याशी ताल राखत नाही. शिगम्याच्या रोमटामेळात पुढचे ढोल आणि मागचे ढोल लांब पडले की जे होतं तेच, थोडा वेळ एकत्र, मग घसरत घसरत अगदी उलट, पुढच्याची थाप तेव्हा मागच्याचा खाली. साडेतीन मायक्रॉन अंतरात हे पूर्ण बिघडतं, आणि पुढच्या साडेतीन मायक्रॉनमध्ये बनलेला हिरवा परत इन्फ्रारेडमध्ये विरून जातो. क्रिस्टल कितीही लांब घ्या, पदरात काही पडत नाही. १९६२ मध्ये ब्लोम्बर्गन आणि सहकाऱ्यांनी (ब्लोम्बर्गन ह्यांना पुढं १९८१ मध्ये नोबेल) उपाय सुचवला, की जिथं ताल उलटा होणार बरोबर तिथून क्रिस्टलच उलटा करा. म्हणजे रेणूंची एकांगी रचना डावीकडची उजवीकडे, पुन्हा साडेतीन मायक्रॉननंतर परत डावीकडे, असं करत शेवटपर्यंत. दोन उलट मिळून सुलट, आणि हिरवा साठत जातो.

सुचवणं सोपं होतं, करायला तीस वर्षं गेली. आज हे कसं करतात ते बघण्यासारखं आहे. अर्ध्या मिलिमीटर जाडीची लिथियम नायोबेटची चकती, तिच्यावर फोटोरेझिस्टनं (प्रकाशानं नक्षी उमटवता येणाऱ्या लेपानं) बारीक पट्ट्यांची नक्षी, आणि मग दोन बाजूंना सुमारे दहा हजार व्होल्टचा झटका, कारण हा क्रिस्टल मिलिमीटरमागे २१ हजार व्होल्टच्या आसपास दाब मिळाल्याशिवाय कूस बदलत नाही. जिथं दाब पोचला तिथले आयन सरकून बसतात आणि तसेच राहतात. साधारण सात मायक्रॉनला एक जोडी, आणि असे हजारो पट्टे ओळीनं. गंमत म्हणजे ही चकती हातात घेऊन टॉर्च मारला तर पट्टे जवळपास दिसतच नाहीत, दोन्हींचा अपवर्तनांक सारखाच, मंद प्रकाशाला सगळा क्रिस्टल एकजिनसी. फक्त रंगबदलाच्या हिशेबात ते वेगळे, एकाचं चिन्ह अधिक आणि दुसऱ्याचं उणे. बघायचेच असतील तर हायड्रोफ्लोरिक अॅसिडनं खरवडून काढावे लागतात. पुढं २००० मध्ये साउदॅम्प्टनच्या मंडळींनी पट्ट्यांऐवजी मधमाशीच्या पोळ्यासारखी षटकोनी नक्षी उलटवली, तर एकच इन्फ्रारेड आत सोडून बाहेर वेगवेगळ्या कोनांत वेगवेगळे रंग आले. नॉनलिनियर जाळी म्हणतात ती ही.

आणि आता तुमच्या चौकटीवरचा माझा खरा आक्षेप. त्यात लिहिलंय की शास्त्रज्ञांनी प्रकाश बांधला 'शिवाय' त्याचा रंगही बदलला, जणू दोन वेगळी कामं एका दमात केली. ह्या क्रिस्टलमध्ये ती दोन कामं नाहीतच. इन्फ्रारेडचा हिरवा होतो, थोडं पुढं जाऊन हिरव्याचा परत इन्फ्रारेड होतो, आणि ताल पुरता जुळलेला नसेल तर परत आलेला हा इन्फ्रारेड थोडा मागं पडलेला किंवा पुढं गेलेला असतो. जिथं प्रकाश तीव्र तिथं ही ये-जा जास्त, म्हणून मागं-पुढं होणंही जास्त. शलाकेच्या मध्याला कडेपेक्षा जास्त उशीर होणं म्हणजेच भिंग. पदार्थाचा अपवर्तनांक खरोखर बदललाच नाही, नुसत्या रंगाच्या देवाणघेवाणीनं भिंग तयार झालं! दोन्ही रंग एकमेकांना धरून चालतात, एक काढला तर दुसरा लगेच फुगतो. शिवाय इथं ते कोसळणं होत नाही, कारण मध्यभागी जास्त दाटी झाली तरी ही देवाणघेवाण केरच्या परिणामासारखी बेलगाम वाढत नाही. कारामझिन आणि सुखोरुकोव्ह ह्या रशियनांनी हे १९७४ मध्येच गणितानं सांगितलं होतं, प्रत्यक्षात दिसलं १९९५ मध्ये, फ्लोरिडात जॉर्ज स्टेगमन ह्यांच्या गटाला, केटीपीच्या क्रिस्टलमध्ये. एकवीस वर्षं कागदावर पडून होतं बिचारं. रंगबदल हे इथं बांधण्याचं साधन आहे, बोनस नव्हे, आणि हे एक वाक्य जरी त्या चौकटीत असतं तरी मी हे पत्र लिहिलं नसतं.

चित्राबद्दल एकच. निळ्या जाळीतल्या गोळ्या हे थंड अणूंचं चित्र आहे, लेझरच्या उभ्या लाटांनी बनवलेल्या खळग्यांत अणू बसवतात तो प्रयोग वेगळा. तिथं प्रकाशाची जाळी आणि आत पदार्थ, इथं पदार्थाची जाळी आणि आत प्रकाश. नेटवर शोधलं की दोन्ही एकाच नावाखाली येतात, त्यात तुमच्या पेज लावणाऱ्या मुलाचा दोष नाही.

इथली जाळी म्हणजे शेजारी शेजारी काही मायक्रॉनवर ओळीनं मांडलेले वेव्हगाइड, म्हणजे प्रकाश वाहून नेणाऱ्या वाटा. एकात प्रकाश सोडला की तो थोडा शेजारच्यात झिरपतो, तिथून पुढच्यात, असं करत काही मिलिमीटरमध्ये सगळ्या आळीत पसरतो, आणि मजा अशी की पसरल्यावर मधला वेव्हगाइड जवळजवळ अंधारा आणि कडेचे दोन भाग उजळ. पण प्रकाश तीव्र असेल तर ज्या वेव्हगाइडमध्ये तो आहे त्याचा अपवर्तनांक एवढा बदलतो की शेजाऱ्याशी जुळत नाही, आणि झिरपणं बंद. क्रिस्टोडुलिडीस आणि जोसेफ ह्यांनी १९८८ मध्ये हे भाकीत केलं, १९९८ मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या सिल्बरबर्ग ह्यांच्या गटानं अॅल्युमिनियम गॅलियम आर्सेनाइडमध्ये दाखवलं, शक्ती वाढवत काही शेकडो वॅटवर नेली आणि आळीभर पसरलेला प्रकाश दोन-चार घरांत येऊन बसला. २००३ मध्ये सेगेव ह्यांच्या गटानं तर जाळीसुद्धा लेझरच्या शलाका एकमेकांवर टाकून क्रिस्टलमध्ये लिहिली, दोन्ही दिशांना घरं असलेली. जाळीत आणखी एक चमत्कारिक गोष्ट होते, शलाका एका ठराविक कोनात तिरपी सोडली की डिफ्रॅक्शनची दिशाच उलटते, मग भिंग बनवणारा पदार्थ नको, उलट फाकवणारा पदार्थ लागतो आणि तरीही प्रकाश एकत्र राहतो. हे मोकळ्या काचेत कधीच होणार नाही.

आणि २००४ मध्ये दोन्ही धागे एकत्र आले, पट्टे उलटवलेल्या लिथियम नायोबेटमध्येच वेव्हगाइडची आळी, म्हणजे एका जाळीत दुसरी जाळी. मूळ प्रकाश शेजारच्या घरांत जातो येतो, दुप्पट वारंवारतेचा मात्र आपापल्या घरातच घट्ट बसतो कारण त्याची तरंगलांबी छोटी, तो बाहेर फारसा डोकावतच नाही. तरी दोघं मिळून सॉलिटॉन बनवतात. एक जण घरबशा आणि एक जण फिरस्ता असून संसार टिकतो. क्रिस्टलचं तापमान थोडं वर-खाली केलं की तालाची जुळणी बदलते, म्हणजे बाहेर बसून ओव्हनच्या नॉबनं सॉलिटॉनचा स्वभाव बदलता येतो.

'लवकरच प्रकाशावर चालणारे कॉम्प्युटर' ह्या शेवटच्या ओळीबद्दल काय बोलायचं. ही ओळ मी नोकरीला लागलो तेव्हापासून वाचतोय. प्रकाशानं प्रकाश वळवणारे स्विच लॅबमध्ये झाले, पण लागणारी शक्ती, मोठमोठे लेझर, क्रिस्टल जागच्या जागी ठेवायची कटकट ह्यामुळे बाजारात ट्रान्झिस्टरच जिंकत आलाय. रंगबदलाचं मात्र खरंच पदरात पडलं. उलट दिशेनं तीच क्रिया चालवली, म्हणजे एका फोटॉनचे (प्रकाशकणाचे) दोन, की एकमेकांशी जोडलेल्या फोटॉनच्या जोड्या मिळतात, आणि केंद्रानं एप्रिल २०२३ मध्ये ६००३ कोटींच्या वर खर्चाचं जे नॅशनल क्वांटम मिशन मंजूर केलं त्यातल्या क्वांटम कम्युनिकेशनच्या प्रयोगांत असलेच क्रिस्टल लागतात. फार्मागुडीला आयआयटी आहे, झुआरीनगरला बिट्स आहे, ताळगावच्या पठारावर विद्यापीठ आहे, इथली मुलं ह्या कामांना जाणार आहेत, त्यांच्या आई-वडलांनी मराठी पेपरात निदान बरोबर वाचावं. आपण डी. डी. कोसंबींच्या नावानं विचारमहोत्सव भरवतो, माणूस मुळात गणिती होता, तिथंही गणित-फिजिक्सला आणखी खुर्च्या मिळायला हरकत नाही.

शेवटी कामाचं. ह्या सगळ्या थिअरीतली एक वस्तू आपल्या जत्रांच्या फेरीत आणि म्हापशाच्या बाजारात पेनच्या आकारात मिळते, हिरवा लेझर पॉइंटर. जुन्या पद्धतीच्या पॉइंटरच्या आत हिरवा प्रकाश देणारं काहीच नसतं. ८०८ नॅनोमीटरचा इन्फ्रारेड डायोड, त्यानं चेतवलेला निओडिमियमचा क्रिस्टल १०६४ देतो, आणि केटीपीचा तुकडा त्याचं ५३२ करतो. जे रूपांतर झालं नाही ते इन्फ्रारेड अडवायला पुढं एक फिल्टर लागतो आणि स्वस्त मालात नेमका तोच वाचवतात. अमेरिकेच्या एनआयएसटी ह्या मानक संस्थेनं २०१० मध्ये असाच एक स्वस्त पॉइंटर तपासला, हिरवा अगदी मंद होता आणि न दिसणारा इन्फ्रारेड २० मिलिवॅटच्या आसपास बाहेर पडत होता. बऱ्याच देशांत पॉइंटरला एकूण एक किंवा पाच मिलिवॅटचीच परवानगी असते. दिसणारा प्रकाश डोळ्यांत गेला तर पापणी मिटते, इन्फ्रारेडला पापणी मिटत नाही, पण डोळ्याचं भिंग तो पडद्यावर इमानेइतबारे एकवटतं. गणपतीच्या मिरवणुकीतल्या मोठ्या लेझरनं डोळे गेल्याच्या बातम्या तुम्हीच छापता, खेळण्यातल्या लेझरबद्दल कोणी बोलत नाही. गेल्या जत्रेत एका स्टॉलवर मी विचारलं, बाबा रे किती मिलिवॅटचा हा, तर तो म्हणाला, 'सर, टॉपचा आहे, पलीकडच्या डोंगरावर पोचतो.' पाकिटावर कंपनीचं नाव नाही, आकडा नाही, काही नाही. आणि गिऱ्हाईक कोण, तर सातवी-आठवीतली मुलं, बाजूला उभ्या बापानं कौतुकानं पैसे काढून दिले.

तपासायची सोपी पद्धत त्याच संस्थेनं सांगितलेली आहे. पॉइंटर स्टँडला बांधून जुन्या सीडीवर मारायचा, सीडीच्या बारीक रेघा रंग वेगळे करतात, समोर पांढऱ्या कागदावर हिरव्या ठिपक्यांची ओळ येते. मग आतला इन्फ्रारेड फिल्टर काढलेल्या वेबकॅमनं त्याच कागदाचा फोटो घ्यायचा. डोळ्याला न दिसलेले जादा ठिपके फोटोत दिसले, की माल वाईट. मोबाईलच्या कॅमेऱ्यात बहुतेक वेळा फिल्टर असतो म्हणून त्यानं हे दिसत नाही. शाळेच्या लॅबमध्ये शिक्षकांनी करून दाखवण्यासारखं आहे, मुलांनी घरी करू नये, सीडीवरून परावर्तित झालेली शलाकाही डोळ्यांत जाऊ शकते.

तेव्हा पुढच्या विज्ञानाच्या चौकटीत गोठलेल्या प्रकाशाऐवजी ही तपासणी छापा, शिगमा आणि जत्रांच्या आधी छापा म्हणजे उपयोग होईल. आकृती मी हातानं काढून पाठवतो, ऑफिसात आणून द्यायलाही तयार आहे. आणि ज्यांच्याकडे पोलीस आणि वजनमाप खात्याची वट आहे अशा वाचकांनी, पाकिटावर मिलिवॅट न लिहिलेला पॉइंटर आपल्याकडे विकायला परवानगी आहे का, असेल तर कोणी दिली, एवढं विचारून घ्यावं.

आपला,
एक निवृत्त फिजिक्स शिक्षक, फोंडा